भीमेच्या काठी समुद्राची पाखरे

आमच्या मिरजगावाला समुद्र नाही. नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्जत तालुक्यात, ज्वारीच्या रानांत आणि बाभळींच्या विरळ सावलीत हे गाव वसले आहे. येथे पाणी म्हटले की पहिल्याने टँकर आठवतो आणि मग सीना नदी. आणि तीही बारा महिने वाहावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. अशा गावच्या मास्तराने दिवाळी अंकात समुद्रपक्ष्यांवर लिहावे, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले असते. पण ह्या साऱ्या खटाटोपाला कारण झाला आमच्या शाळेतला एक मुलगा.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. भिंतीवर नकाशा टांगून मी महाराष्ट्राची किनारपट्टी शिकवीत होतो. 720 किलोमीटरचा किनारा, खाड्या, बंदरे, मासेमारी हे सारे नेहमीच्या चालीवर सांगून झाले आणि मग कुरव नावाचा पांढरा पक्षी होड्यांमागे कसा घिरट्या घालतो, ते मी फळ्यावर चित्र काढून दाखविले. चित्र बेताचेच होते. तरी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे पाखरू हिवाळ्यात माझ्या मामाच्या गावाला येतं. चिलापीच्या होडीमागं उडतं."

वर्ग हसला. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. त्याच्या मामाचे गाव भीमेच्या काठी, खेडच्या बाजूला. मी म्हणालो, "बाबा रे, तो बगळा असेल." तो म्हणाला, "बगळा मला ठावा आहे, सर."

ते उत्तर मला टोचले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या कृपेने झालेले. ज्याला पदवीचा आधार नाही त्याने निदान डोळ्यांचा तरी आधार घ्यावा, असे मी मुलांना नेहमी सांगतो. आणि येथे तर मुलगा डोळ्यांनी पाहिलेले सांगत होता व मास्तर पुस्तकातले! जानेवारीतला एक रविवार गाठून मी निघालो. कर्जत, तेथून राशीन. राशीनला उतरून यमाईचे दर्शन घेतले. तेथल्या दीपमाळा आतून हलविल्या म्हणजे डुलतात; लहानपणापासून कित्येकदा पाहूनही ते नवल अजून ओसरलेले नाही. मग खेड, आणि खेडच्या पुढे भीमा.

पण जी नदी मनात धरून मी गेलो होतो ती तेथे नव्हतीच. पलीकडचा भिगवणचा काठ धुक्यात दिसेनासा झालेला, मध्ये शांत पसरलेले करडे पाणी, काठावर चिखल, चिखलावर लाटांच्या बारीक रेघा. होडी काठाकडे येत होती आणि तिच्यामागे पंचवीस-तीस पांढरी पाखरे ओरडत, एकमेकांच्या चोचीतला घास हिसकावीत उडत होती. पंखांची टोके काळी, चोच तांबडी, डोळ्यामागे एक काळसर ठिपका. पोर खरे बोलले होते. ते कुरवच होते.

त्या दिवशी मी परत आलो तो एक प्रश्न घेऊनच. ही पाखरे येथे केव्हापासून येतात? आणि हे कोणी पाहिले, कोणी लिहून ठेवले? त्या प्रश्नामागे लागून गेल्या काही वर्षांत जे हाती आले ते येथे सांगतो.

आधी माझी एक चूक सांगून टाकतो. कुरवाला मी समुद्रपक्षी म्हटले. आपण सारेच म्हणतो. पण भीमेवर दिसणाऱ्या कुरवांपैकी जो तपकिरी डोक्याचा कुरव आहे, तो जन्मतो समुद्रापासून फार दूर. लडाख-तिबेटच्या पठारावरील उंच सरोवरांच्या काठी. तेथे बर्फ पडू लागले की तो खाली उतरतो आणि हिवाळाभर आपल्या किनाऱ्यावर राहतो. डोके तपकिरी होते ते विणीच्या दिवसांत. आपल्याकडे तो असतो तेव्हा डोके पांढरे आणि कानाशी तेवढा काळा डाग, म्हणून नाव आणि रूप यांची सांगड बसत नाही. मुंबईच्या माणसाने त्याला समुद्रावर पाहिले म्हणून तो समुद्राचा झाला. त्याला स्वतःला विचारले तर तो म्हणेल, मला उथळ पाणी आणि मासळी मिळाल्याशी कारण. ते खारे की गोडे ही तुमची पंचाईत.

आता पाहणाऱ्यांची हकीकत. आपल्या किनाऱ्यावरील पक्ष्यांचा लेखी इतिहास पाहू गेले तर तो बंदुकीच्या आवाजाने सुरू होतो. काँग्रेसचा जनक म्हणून ज्याचे नाव आपण शाळेत पाठ करतो तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्ष्यांचा मोठा वेडा होता. 1872 च्या सुमारास त्याने 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षिविषयक नियतकालिक काढले. 1875 साली लखदीवकडे जाताना तो वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर उतरला. त्या खडकांच्या गुहांत पाकोळीच्या जातीचा एक लहान पक्षी आपल्या लाळेने घरटी बांधतो. चीनकडील लोक त्या घरट्यांचा रस्सा करून पितात, म्हणून त्यांच्यावर माणसाचा डोळा पूर्वीपासून. ह्यूमने देशभरातून पक्ष्यांची कातडी आणि अंडी जमविली ती थोडीथोडकी नव्हेत, सुमारे 80 हजार. आणि 1885 मध्ये ती ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. ह्या दानाची एक कथा आहे. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे केलेली टिपणे सिमल्याच्या घरातून नाहीशी झाली. नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली, असे कळले. त्यानंतर त्याचे पक्ष्यांवरून मन उडाले. 1885 च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची पहिली बैठक भरली तेव्हा तो पक्ष्यांतून मोकळा झालेला होता. रद्दीवाल्याने देशाच्या राजकारणाला केवढा हातभार लावला, ह्याचा हिशेब कोणी इतिहासकाराने केलेला नाही!

ह्यूमच्याच नियतकालिकात 1880 साली जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाच्या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी छापली. हा गृहस्थ रत्नागिरी भागात नोकरीला होता. त्याच साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरलाही त्याचा हात लागलेला आहे. उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचा भारा रचून वर्षानुवर्षे तेच घर डागडुजी करून वापरणारा समुद्रगरुड (किनाऱ्यावर त्याला काकण असेही म्हणतात) ह्या यादीत आहे. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे अन्न. यादी वाचताना माझ्या मास्तरी मनात सारखा एक प्रश्न येत राहिला. काकणाचे झाड कोणत्या वाडीत आहे, तो कोणत्या वेळेला समुद्रावरून परततो, हे कचेरीत बसलेल्या साहेबाला कोणी सांगितले असेल? कोणी कोळ्याने, कोणी भंडाऱ्याने, माडावर चढलेल्या कोणी गड्यानेच ना? त्याचे नाव छापील यादीत येत नाही. पक्ष्याचे लॅटिन नाव येते, मारणाऱ्याचे येते, दाखविणाऱ्याचे राहून जाते. ही व्हिडालविषयीची तक्रार नव्हे. त्याने लिहिले म्हणून आज आपल्याला 1880 चा किनारा दिसतो. आपल्यापैकी कोणी लिहिले असते तर अधिक बरे झाले असते, एवढेच.

आणि 'आपल्यापैकी कोणीच नव्हते' असे म्हणावे तर तेही खरे नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी सहा साहेब आणि दोन मराठी. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थनासमाजाचे संस्थापक. ज्यांच्या घरी तरुण रवींद्रनाथ टागोर काही दिवस राहिले आणि ज्यांच्या अन्नपूर्णा नावाच्या मुलीपाशी इंग्रजी बोलण्याचा सराव करून गेले, ते. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार. पण मराठी वाचकांस त्यांची ओळख अधिक जवळची आहे. बालपणी झालेल्या विवाहाचे बंधन नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. ज्या घरातून एका मुलीला "नाही" म्हणण्याचे बळ मिळाले, त्याच घरातला माणूस झाडापाखरांच्या सभेला जाऊन बसत होता, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. 1885 मध्ये ते वारले. आणखी जगते तर काय लिहिते, कोण जाणे.

त्याच आठांत ई. एच. एटकेन होता. जन्म साताऱ्याचा, 1851 चा, शिक्षण मुंबई-पुण्याचे, काही वर्षे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून 1876 पासून मीठ आणि जकात खात्यात नोकरी. मिठाच्या खात्यामुळे उरणची मिठागरे, रत्नागिरीचा किनारा, गोव्याची सरहद्द अशी सारी खारी जमीन त्याला पायाखाली घालावी लागली. मिठागरे म्हणजे किनारी पाखरांचे अन्नछत्र. उथळ खारट पाण्यात कोलंबीची पिल्ले आणि किडे. त्यांवर शेकाट्ये, तुतारी, चिखल्या यांची पंगत. एटकेनची गंमत अशी की तो पक्ष्यांविषयी लिहिताना थट्टामस्करी करतो, शेजाऱ्याविषयी लिहावे तसे लिहितो. 1900 साली निघालेले त्याचे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे पुस्तक आजही वाचवते. माझ्या मते बंदूक खाली ठेवून पाहण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर ह्या साताऱ्यात जन्मलेल्या माणसाने रुजविली. कातडी जमविणाऱ्यांचे काम शास्त्राला लागतेच, ते मला ठाऊक आहे. तरी मी मास्तर आहे, माझा कल एटकेनकडे.

पुढे सलीम अली आले. त्यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे: लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी, ती ओळखून घेण्यासाठी सोसायटीच्या दारात उभा राहिलेला मुलगा, आणि मग सारे आयुष्यच पक्ष्यांना वाहिलेले. 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे चित्रमय पुस्तक निघाले आणि साध्या माणसाला पाखराचे नाव शोधण्याची सोय झाली. 1945 मध्ये ते कच्छच्या मोठ्या रणात रोहित पक्ष्यांच्या वसाहतीत गेले. चिखलाची बुटकी बुटकी शिखरे करून त्यांवर अंडी घालणाऱ्या त्या नगरीत सुमारे 5 लाख पक्षी असावेत, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण भीमेचा संबंध तेथे पोचतो.

मराठीत पक्ष्यांची नावे गोळा करण्याचे काम ज्यांनी जन्मभर केले ते मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यातल्या नोकरीत हिंडताना त्यांनी आदिवासी, पारधी, भोई यांच्या तोंडची नावे टिपली. ज्या माणसाचे नाव साहेबांच्या यादीतून राहून गेले होते त्याच्यापाशी बसून त्यांनी ऐकले. 2025 च्या जूनमध्ये ते सोलापुरातच वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वाचनालयात त्यांची पुस्तके नसती तर माझ्या वहीत 'पांढरा पक्षी, मोठा' आणि 'पांढरा पक्षी, लहान' याखेरीज काही पडले नसते.

आता भीमेकडे परत येतो.

1880 च्या यादीत किंवा 1941 च्या पुस्तकात उजनीचा पाणपसारा सापडणार नाही, कारण तो नव्हताच. सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीजवळ भीमेवर धरण बांधावयास 1960 नंतरच्या दशकात सुरुवात झाली आणि 1980 मध्ये ते पुरे झाले. एकूण साठा 117 टीएमसी. पाणी मागे हटत हटत करमाळा, इंदापूर, दौंड आणि आमच्या कर्जत तालुक्याच्या दक्षिण अंगाला येऊन टेकले. ज्या जिल्ह्याला किनारा नव्हता त्याला काठ मिळाला, तोही इतका रुंद की वारा सुटला म्हणजे लाटा फुटतात. ह्या पाण्याखाली भीमाकाठची काळीभोर जमीन गेली, गावठाणे गेली, देवळे गेली. पळसदेवचे जुने दगडी देऊळ पाण्यात उभे आहे. पाणी ओसरले की कळस, मग सभामंडप, मग पायऱ्या दिसू लागतात. माणसे उठून नव्या वसाहतींत गेली. पाखरे आली.

कोणत्या वर्षी पहिला रोहित उतरला हे कोणी टिपले असल्यास माझ्या वाचण्यात नाही. पण का उतरला हे सांगता येते. रोहित उंच पायांचा, लांब मानेचा. पण खातो अगदी उथळ पाण्यात. डोके उलटे करून वाकडी चोच चिखलात फिरवावयाची, पाणी आत घ्यावयाचे, जिभेने बाहेर ढकलावयाचे, आणि चोचीच्या कडेच्या झालरीत अडकलेले शेवाळ, किडे, बारीक जीव गिळावयाचे. आपण चहा गाळतो तो चोथा टाकण्यासाठी. हा चोथा खाण्यासाठी गाळतो. पंखांतला गुलाबी रंगसुद्धा ह्याच अन्नातून येतो. पिल्लू करडे असते. तेव्हा त्याला हवे घोटा-मांडीभर पाणी आणि त्याखाली सकस गाळ. पावसाळ्याअखेर धरण तुडुंब असते त्या वेळी भिगवणला त्याच्यासाठी काही नसते. कालवे सुटतात, पाणी उतरू लागते, चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात, आणि मग गुजरातेकडून हे थवे येऊन उतरतात. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत त्यांचा मुक्काम. सकस गाळाची सोय तर आपणच करून ठेवलेली आहे: पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि ह्या पाण्यात शेवाळ माजते. ते पाणी सोलापूरकर पितात. रोहिताला मानवते म्हणून ते चांगले, असे कोणी समजू नये.

येथे माझ्यासारख्या दुष्काळी मुलखातल्या माणसाची मोठी कुचंबणा होते. पाणी लवकर उतरले तर रोहित पुष्कळ आणि लवकर. पण पाणी लवकर उतरणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बायकांच्या हंड्याला विचारावे. 2023 चा पावसाळा दगा देऊन गेला, धरण भरले नाही. 2024 च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत उजनीचा साठा 'उणे' येऊ लागला आणि जूनपर्यंत तो उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेला. ऋण संख्या शिकविताना मुलांना उदाहरण सापडत नाही म्हणून मी नेहमी कर्जाचे देतो; त्या वर्षी धरणाचे दिले. कालव्यातून सोडण्याजोगा साठा संपला की खालच्या मृतसाठ्यातला उपसा उणे धरतात. पळसदेवचे देऊळ त्या उन्हाळ्यात तळापासून उघडे पडले. पाहावयास गर्दी लोटली. त्या गर्दीत कॅमेरे घेऊन आलेले होते आणि डोळ्याला पदर लावून आलेलेही होते.

ह्या पाण्यावर आज पक्षी पाहावयास हजारो लोक येतात. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ह्या बाजूंना पहाटेपासून होड्या तयार असतात. होडी चालविणारा बहुधा मासेमारी करणाराच. पूर्वी तो रात्री जाळे टाकून सकाळी चिलापी घेऊन भिगवणच्या बाजारात जाई; आता हिवाळ्यात तो पुण्या-मुंबईच्या मंडळींना पट्टकदंब दाखवितो. हिमालय ओलांडून येणारा हा राजहंसासारखा पक्षी. डोक्यावर दोन काळे पट्टे. चित्रबलाक, शेकाट्ये, नदीवरचा सुरय, पाण्यावर झेप घेऊन मासा उचलणारी मोरघार, सारे तो बोटाने दाखवितो आणि इंग्रजी नावेही घडाघड सांगतो. एकदा मी एका नावाड्याला विचारले, "हे कोठे शिकलास?" तो म्हणाला, "गुरुजी, पाखरू तर रोजच दिसायचं. नाव पाव्हण्यांनी दिलं."

हे ऐकले तेव्हा मला वेळासची आठवण झाली. त्यासाठी वाचकांस क्षणभर घाट उतरवून कोकणात नेतो.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ, वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणीसांचे हे मूळ गाव. आम्ही दोघे-तिघे शिक्षक एका मार्च महिन्यात तेथे गेलो होतो. वाटेत हर्णै बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहिला. होड्यांवर कुरवांचा नुसता गदारोळ. तीच तांबडी चोच, तोच कानाजवळचा ठिपका. परक्या गावी आपल्या आळीतला मनुष्य भेटावा तसे वाटले. "अरे, हा तर आपल्या खेडचा!" असे मी मोठ्याने म्हणालो, आणि एका कोळणीने मजकडे चमत्कारिक नजरेने पाहिले.

वेळासच्या पुळणीवर समुद्री कासवाच्या माद्या रात्री वर येतात, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि परत जातात. मागे वळून पाहणे नाही. ऑलिव्ह रिडले नावाची ही जात. पिढ्यान् पिढ्या ही अंडी माणसे काढीत, खात, विकीत. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसे समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी, म्हणजे व्हिडालच्या काकणासाठी, किनाऱ्याने हिंडत असता त्यांना येथे कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेतले. अंडी कोठे असतात हे ज्यांना सर्वांत उत्तम ठाऊक होते, म्हणजे जे ती काढीत असत, तेच राखणीला लागले. आता अंडी कुंपणात पुरतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. वरची टोपली उचलली की तळहाताएवढी काळी पिल्ले वाळूत हातपाय मारू लागतात. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरतो, गावातल्या घरांतून पाहुणे उतरतात, बायका मोदक-घावन करून घालतात. पिल्ले समुद्राकडे सोडली तेव्हा आमच्याबरोबरचे गणिताचे मास्तर, जे शाळेत कधी हसत नाहीत, ते गुडघे टेकून वाळूत बसले होते.

ह्या कासवांचा पल्लाही ऐकण्याजोगा आहे. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायाला खूणपट्टी लावली होती, अशी एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून लंकेला वळसा घालून ती कोकणात आली असली पाहिजे. ठाण्याच्या खाडीत तर 2015 मध्ये रोहितांसाठी अभयारण्यच झाले. 2022 मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथल्या 6 रोहितांना उपग्रहाने ठावठिकाणा कळविणारी यंत्रे बांधली, आणि ते गुजरातेत जाताना घरबसल्या दिसले. ज्या सोसायटीच्या पहिल्या बैठकीला सखाराम अर्जुन बसले होते, तीच ही. बंदुकीने पाडून ओळखावयाचे ते पाखरू आता जिवंत सोडून ओळखता येते.

वेळासहून आल्यावर मी मुलांसाठी एक वही केली. तारीख, वेळ, स्थळ, पाखरू, संख्या, असे पाच रकाने. दर वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी आठ-दहा मुलांना घेऊन आम्ही खेडच्या काठाला जातो. पहिल्या वर्षी अर्थातच त्या मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे बसविले. त्याच्या मामाने होडी दिली आणि सोबत म्हणून एक म्हातारेबुवा आले; सारे त्यांना आबा म्हणतात. ऐंशीच्या घरातले, पटका, हातात काठी. त्यांचे जुने गाव पाण्याखाली आहे. ते पाखरांकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते. मुले मोजीत होती, भांडत होती, पुन्हा मोजीत होती. रोहितांचा थवा एका ठिकाणी दाट उभा होता, सगळ्यांच्या माना खाली.

आबा मला म्हणाले, "गुरुजी, त्यो लाल थवा दिसतोय का? तितं आमची इहीर व्हती. माज्या आज्यानं बांधलेली. पान्याला कदी कमी न्हाई पडली, भात्तरच्या दुष्काळात बी न्हाई." थोड्या वेळाने म्हणाले, "तितंच उबी ऱ्हात्यात दरसाली. गाळ चांगला आसंल."

मी काही बोललो नाही. होडी वळली. काठाला उतरल्यावर मी वह्या तपासावयास घेतल्या. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने लिहिले होते: पाखरू, रोहित. संख्या, 212, आणि पुढे कंसात, दोनदा मोजले. स्थळाच्या रकान्यात बाकीच्यांनी 'भीमा नदी' किंवा 'उजनी जलाशय' असे घातले होते. त्याने लिहिले होते, 'आबांची विहीर'.

मी तांबडी पेन्सिल काढली होती ती खिशात ठेवली. राशीनची गाडी सुटावयास वीस मिनिटे होती आणि मुलांना भूक लागली होती.